तायडे मिस्त्री आणि जर्मन गाडी

शेलूबाजारातले जीपवाले पोलिसांना भीत नसत तेवढे तायडे मिस्त्रींना भीत. पोलिसाची समजूत घालता येई. मिस्त्रींच्या गॅरेजपुढे मात्र चुन्याची एक जाड रेघ ओढलेली होती, आणि तिच्या आत पेटती बिडी घेऊन आलेल्या माणसाची खैर नसे. एकदा शेजारच्या गावचे एक वजनदार पाटील बिडी ओढत सरळ आत आले. मिस्त्रींनी त्यांच्या ओठांतली बिडी चिमटीत धरून काढली आणि पाण्याच्या बादलीत टाकली. पाटलांच्या तोंडाला हात लावला, तोही तायड्याने, म्हणून बाजारात दिवसभर कुजबुज चालली. मिस्त्रींनी पाटलांना एवढंच सांगितलं होतं, "पेट्रोल कोनाचं सोयरं नाई, पाटील. थे जात पाहून पेटत नाई."

मी तेव्हा तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. वर्ध्याकडून नवीनच आलेली, दवाखान्याच्या मागच्या खोलीत एकटी राहणारी. मोठा दुष्काळ नुकता सरत होता. खडी फोडून सोलवटलेले बायांचे हात रोज माझ्यापुढे येत. मिस्त्रींचं गॅरेज रस्त्यापलीकडे, अगदी समोर होतं. निंबाच्या झाडाला टेकून उभं केलेलं टिनाचं छप्पर, खाली लाकडी बाक, आणि भिंतीवर आकाराच्या क्रमाने टांगलेले पाने. फौजेच्या मोटारखात्यात बरीच वर्षं काढून ते घरी आले होते. रोज सकाळी धुतलेला पांढरा सदरा घालून यायचे. तो खुंटीला टांगून बनियनवर काम करायचे आणि संध्याकाळी राखेने हात घासून पुन्हा तोच सदरा अंगात घालून घरी जायचे. त्या सदऱ्यावर तेलाचा डाग मी कधी पाहिला नाही.

माणूस गोड नव्हता. कोणी "किसन्या" म्हटलं तर मान वर करायचे नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ते आपल्या गतीनेच चालायचे, आणि ज्याने दुसऱ्याकडे काम बिघडवून आणलं असेल त्याला चारचौघांत बोलायचे. आपल्यासारखा पंपाचा कारागीर अकोल्यापर्यंत नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि सांगताना लाजत नसत. त्यांची बायको सुमित्रा हसून म्हणायची, "यायले देवानं नाकाच्या जागी पेट्रोलची टाकी लावली, बाई. तवाच एवढं वर धरून चालतेत."

स्टँडवरच्या हॉटेलात तेव्हा आम्हा बौद्धांसाठी, म्हणजे मिस्त्रींसाठीही, कानतुटके कप बाहेर कोनाड्यात ठेवलेले असत. आपण पिऊन आपणच विसळून ठेवायचे. मिस्त्री फौजेतून आले त्या पहिल्याच आठवड्यात तिथे गेले, कोनाडा पाहिला आणि परत फिरले. भांडले नाहीत. गॅरेजच्या मागे, रेघेपासून लांब, त्यांनी स्वतःचा स्टोव्ह मांडला. चहा पत्तीचा, आल्याचा, घट्ट. हळूहळू सगळ्या जातींचे ड्रायव्हर तिथेच प्यायला लागले, एकाच प्रकारच्या काचेच्या ग्लासांतून. पैसे घेत नसत. कोणी विचारलं तर म्हणत, "हॉटेल नाई हे. घर हाये माह्यं."

दवाखान्याशी त्यांचा पहिला संबंध आला तो एका ट्रॅक्टरवाल्यामुळे. डिझेलच्या इंजिनात नोझल नावाचा एक बारीक तुकडा असतो. त्यातून तेल इतक्या जोराने सुटतं की कातडीत सुईसारखं शिरतं. तो तपासताना ट्रॅक्टरवाल्याने गमतीने पुढे बोट धरलं. मिस्त्री त्याला दंडाला धरून रस्ता ओलांडून घेऊन आले. बोटावर लाल टिंबाएवढी खूण होती, रक्तही नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी लगेच अकोल्याला जायला सांगितलं. ट्रॅक्टरवाला हसायला लागला. मुंगी चावली म्हणून कोणी अकोल्याला जातं का, म्हणाला. मिस्त्रींनी त्याला आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, शेवटी हात जोडले. तो पेरणी आहे म्हणून निघून गेला. पुढे त्याचं बोट काळं पडलं आणि काढावं लागलं. तेव्हापासून मिस्त्री त्याचं काम फुकट करत. त्यांची काय चूक, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "माह्या बाकावर झालं ना, बाई." त्या वेळी मला तो त्यांचा ताठा वाटला होता.

विलास त्यांच्याकडे आला तो त्या मोडक्या जर्मन गाडीपायी. जवळच्याच गावचे मालदार बापूसाहेब, त्यांचा हा एकुलता एक मुलगा. नागपूरला शिकून आलेला, बोलायला मऊ, लग्न होऊन वर्ष दीड वर्ष झालेला. बापूसाहेबांनी कधीकाळी हौसेने नागपूरच्या एका घराण्याकडून ती गाडी घेतली होती. लांब, काळी, पुढे चांदीसारखी जाळी. पेट्रोलची असूनही तिला डिझेलसारखा इंजेक्शनचा पंप होता, त्यामुळे ती वाऱ्यासारखी पळायची. पण बिघडली तेव्हा इकडे तिला हात लावणारा कोणी भेटला नाही. कितीतरी वर्षं ती गोठ्याशेजारच्या छपरात कोंबड्यांखाली उभी होती. विलासने ती बैलजोडी लावून ओढत शेलूबाजारला आणली. रस्त्यावरचे लोक हसत होते. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हिले मरू देलं तुमी."

त्या गाडीसाठी विलास सगळा हिवाळा गॅरेजमध्ये येत राहिला. नुसता बसत नसे; धोतराचा काचा मारून गाडीखाली शिरायचा. टाकी उतरवून आत खडे घालून हलवून हलवून त्याने गंज काढला. मिस्त्री त्याला शिकवत, चुकलं की रागावत. तो "हो मिस्त्री" म्हणून परत करायचा. स्टोव्हवरचा चहा तो आपल्या हाताने करायचा आणि पहिला ग्लास मिस्त्रींना द्यायचा. मिस्त्रींना मूल नव्हतं. सुमित्राने एकदा मला सांगितलं की हल्ली घरी जेवताना गाडीच्या आणि विलासभाऊच्याच गोष्टी असतात.

गाडी चालू झाली, पण होळीनंतर ऊन तापलं तशी बंद पडायला लागली. आमच्याकडच्या उन्हात पेट्रोल नळीतच उकळतं, वाफ धरते आणि इंजिन उपाशी राहतं, असं मिस्त्रींनी मला समजावलं होतं. त्यावर त्यांनी इलाज काढला. टाकीजवळचा जुना विजेचा पंप काढून जास्त जोराचा पंप बसवला, जाड नळी टाकली, आणि उरलेलं पेट्रोल पुन्हा टाकीत जावं म्हणून परतीची एक नळी ओढली, म्हणजे ते सतत फिरत राहील आणि तापणार नाही. सगळी नळी धातूची. फक्त इंजिनापाशी, जिथे हादरे बसतात तिथे, वीतभर रबरी तुकडा लागणार होता, तोही पेट्रोल सोसणारा, वरून विणलेला. तशा नळीचं अख्खं वेटोळं मुंबईहून मागवलं होतं आणि ते येत नव्हतं. तोपर्यंत गॅरेजच्या आवारात चालवून पाहायला म्हणून त्यांनी ट्रॅक्टरच्या डिझेलच्या नळीचा, पेट्रोल फार दिवस न सोसणारा, एक तुकडा लावला, दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळल्या.

गाडी काय चालली! भर दुपारी रस्त्यावर मंगरूळपीरच्या बाजूला थोडी नेऊन आणली तेव्हा स्टँडवरची माणसं उठून उभी राहिली. मिस्त्री शेजारी बसले होते, पांढरा सदरा घालून. बैलांनी ओढून आणलेल्या गाडीला हसणाऱ्यांत जे होते, त्यांच्यासमोरूनच ते गेले.

विलासची बायको कुसुम बाळंतपणाला कामरगावला माहेरी गेली होती. मुलगा झाला होता आणि आता तिला आणायचं होतं. विलासला तिला त्या गाडीतून आणायचं होतं. मिस्त्रींनी आठ दिवस थांब म्हटलं, मुंबईचा पाइप येऊ दे. विलास म्हणाला, तुम्ही म्हणाल तर नाही नेत. या एवढ्या साध्या बोलण्यावर मिस्त्री विरघळले असावेत. किंवा त्यांनाही ती गाडी लांबच्या रस्त्यावर धावताना पाहायची असेल. त्यांनी नळी पुन्हा तपासली, क्लिपा आवळल्या आणि अट घातली की ते स्वतः बरोबर येतील, गाडी हळू चालवायची आणि ऊन चढायच्या आत कामरगाव सोडायचं.

पुढचं मला त्यांनी आणि कुसुमने, दोघांनी वेगवेगळं सांगितलं आहे, आणि दोघांचं सांगणं एकच आहे. सकाळी गाडी नीट गेली. कामरगावला कुसुमच्या वडिलांनी जेवणाचा थाट केला होता. मिस्त्रींचं पान बाहेर ओसरीत मांडलं होतं. विलासने ते स्वतः उचलून आत आणलं आणि आपल्या पाटाशेजारी ठेवलं. सासऱ्यांनी पाहिलं. वाढणारे वाढत राहिले. पुढे माझ्याकडून भाजलेल्या हातांना पट्टी बांधून घेताना मिस्त्री एकदा म्हणाले होते, "तशा पंगतीतून उठून 'चला, ऊन झालं' कसं म्हनू, बाई? उभ्या जिंदगीत पहिल्यांदा बसलो होतो."

निघायला दुपार झाली. वैशाखाचं ऊन, डांबर पाघळलेलं. कारंजा मागे पडलं. शेलूबाजार जवळ आलं तेव्हा एका नाल्याच्या उतारावर मिस्त्रींना वास आला. त्यांनी गाडी थांबवायला सांगितलं. विलासने लगेच कडेला घेतली. मिस्त्री उतरले, मागचं दार उघडून त्यांनी कुसुमच्या मांडीवरून मूल घेतलं, तिला बाहेर ओढलं. तेवढ्यात बॉनेटच्या फटींतून ज्वाळा निघाल्या. विलास आपल्या बाजूने उतरत होता. एक पाय रस्त्यावर होता. इंजिन बंद पडलं होतं, पण चावी चालूच असल्यामुळे मागचा पंप पेट्रोल लोटत होता. मिस्त्री ओरडले, "चावी! चावी बंद करा!"

विलास परत आत वाकला. सगळा हिवाळा तो त्यांचं ऐकत आला होता. चावी त्याने बंद केली, आणि त्याच क्षणी पायाखालच्या पत्र्यातून आग आत आली.

मिस्त्रींनी मूल कुसुमच्या हातात दिलं आणि नुसत्या हातांनी त्याला बाहेर काढलं. कुसुमचाही दंड भाजला. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने सगळ्यांना आमच्याकडे आणलं. मी विलासला ओळखलं नाही. तो शुद्धीवर होता आणि पाणी मागत होता. तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता. मोठा दवाखाना म्हणजे अकोलाच. डॉक्टरांनी करता येईल तेवढं करून त्याला त्याच ट्रकने अकोल्याला पाठवलं. मिस्त्रींचेही हात भाजले होते, पण ते त्याच्या डोक्याशी बसून राहिले आणि कोणाला हात लावू देईनात. विलास अकोल्याहून परत आला नाही.

लोकांनी मिस्त्रींना दोष दिला नाही, हे सांगायलाच हवं. त्यांनी बाई आणि लेकरू वाचवलं, आगीत हात घातला, असंच सगळे बोलत. पोलिसांनी पंचनामा केला, अपघात म्हणून लिहिलं. मिस्त्रींनी त्यांना ट्रॅक्टरच्या नळीबद्दल सांगितलं. त्यांनी मान डोलावली. हॉटेलवाला स्वतः सुमित्राकडे दूध घेऊन आला.

तेरवी झाल्यानंतर मी कुसुमचा दंड बांधायला बापूसाहेबांच्या घरी जात असे. त्या दिवशी मी आतल्या खोलीत होते आणि दार उघडं होतं. अंगणात बापूसाहेब बाजेवर बसले होते, आजूबाजूला चार माणसं. मिस्त्री आले. दोन्ही हात पट्ट्यांत, अंगावर तोच पांढरा सदरा, सुमित्राने घातलेला असणार. बापूसाहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं, नळीचं, उशिराचं, आणि शेवटी ते जे मलाही तोवर ठाऊक नव्हतं.

"त्यानं एक पाय भाईर टाकला होता, बापूसाहेब. तो आला होता भाईर. म्या म्हटलं चावी बंद करा, म्हनून तो वापस गेला. गाडी जळाली असती, एवढंच होतं. मले मानूस नाई आठवला. मले पंप आठवला."

बापूसाहेब बाजेवर सावरून बसले. मग म्हणाले, "हे मले काहून सांगतलं, किसन?"

"खरं हाये म्हनून."

"खरं होतं तं तुह्यापाशी ठेवाचं होतं," बापूसाहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आतापर्यंत मी देवाले बोल लावत होतो. थे सोपं होतं. आता मी राती डोळे मिटले का तो भाईर येते, आन् तू ओरडतं, आन् तो वापस जाते. जाय आता. आन् माह्या दारात येऊ नोको."

मिस्त्री वळले. फाटक बंद होतं. त्यांना कडी काढता येईना. तिथल्या माणसांपैकी कोणी उठेना. शेवटी मी हातातली पट्टी टाकून गेले आणि कडी काढली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी परत आत आले तर कुसुम भिंतीकडे तोंड करून बसली होती. मूल पाळण्यात झोपलं होतं. ती हळूच म्हणाली, "मले मालूम होतं, बाई. म्या आयकलं होतं थे. मामंजीले सांगणार नव्हती मी कधी." मग तिने दंड पुढे केला आणि मी पट्टी पुरी केली.

मिस्त्रींचे हात बरे झाले, पण बोटं आत वळली ती वळलीच. पाना धरता येत नसे. मी रोज बोटं ताणायला सांगायची. ते हो म्हणायचे आणि करायचे नाहीत. गॅरेज त्यांनी पुन्हा उघडलं नाही. जीपवाले यायचे, म्हणायचे तुम्ही नुसते उभे राहा, तोंडाने सांगा, आम्ही करतो. ते ऐकून घ्यायचे आणि आत निघून जायचे. विलासच्या गावची पोरं काही करतील अशी सुमित्राला धास्ती होती. कोणी आलं नाही. कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. मला वाटतं मिस्त्रींनी त्याची वाट पाहिली असावी. अंधार पडेपर्यंत ते बाहेर बाजेवर बसून रस्त्याकडे बघत.

मुंबईचं पार्सल आलं ते पावसाळ्याच्या तोंडावर. सुमित्रा ते न फोडता माझ्याकडे घेऊन आली, घरात ठेवू का नको विचारायला. आम्ही दोघी ते समोर ठेवून बसून राहिलो. इतक्यात मिस्त्रीच आले. त्यांनी ते तिच्याकडून फोडवलं, विणलेली नळी मनगटांनी दाबून पाहिली, नाकाशी नेली. मग सुमित्राला सुरी आणायला लावून नळीचे तुकडे करवले. दुसऱ्या दिवशी ते स्टँडवर उभे होते. ज्या ज्या जीपला रबरी नळी जुनी होती तिला थांबवून एक एक तुकडा देत होते आणि सुमित्रा क्लिपा आवळत होती. तुकडे संपले तसे ते घरी गेले. त्यानंतर त्यांनी पाने विकायला काढले.

सुमित्रा निंदणा-वेचणीला जायला लागली. मिस्त्रींना मंगरूळपीरच्या वाटेवरच्या एका मळ्यात राखणीचं काम मिळालं. पिकावरची पाखरं हाकायला बोटं लागत नाहीत, असं ते म्हणाल्याचं सुमित्राने मला सांगितलं. सांगताना ती हसायचा प्रयत्न करत होती.

काही वर्षांनी माझी बदली मंगरूळपीरला झाली. सामान आधी पाठवून मी सकाळच्या बसने निघाले. बस भरलेली होती. पुढच्या बाजूला, दोघांच्या बाकावर खिडकीशी बापूसाहेब बसले होते. खूप वाळले होते. त्या गाडीनंतर त्यांनी दुसरी गाडी घेतली नव्हती. मी मागे बसले. नमस्कार केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

अर्ध्या वाटेत बस थांबली आणि मिस्त्री चढले. फौजेतला जुना खाकी कोट, पायात टायरच्या चपला. त्यांनी दांडी कोपराच्या बेचक्यात धरली, कारण हाताने धरता येत नव्हती. बस सुरू झाली तेव्हा त्यांनी मान वर केली आणि बापूसाहेबांना पाहिलं. बापूसाहेबांनीही पाहिलं.

बापूसाहेबांच्या शेजारचा माणूस त्याच थांब्यावर उतरला होता. जागा रिकामी होती. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई तिथे बसायला वाकली, तसा बापूसाहेबांनी त्या जागेवर हात ठेवला आणि म्हणाले, "कोनी बसनार हाये इथं."

बाई इकडेतिकडे बघून उभी राहिली. कंडक्टरने मिस्त्रींना पुढे सरकायला सांगितलं, जागा आहे, बसून घ्या म्हणाला. मिस्त्रींनी तिकिटाचे पैसे कोटाच्या खिशातून काढून घ्यायला त्याला खुणावलं आणि तिथेच उभे राहिले. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला त्यांचं कोपर दांडीवरून सुटायचं आणि ते पुन्हा अडकवायचे. बापूसाहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा हात त्या जागेवर पसरलेलाच होता.

मळ्याची वाट आली. मिस्त्रींनी खांद्याने दाराच्या बाजूला वाट काढली, खाली उतरले आणि मागे न बघता बांधावरून चालायला लागले. हात कोटाच्या खिशांत होते. बस निघाली. ते जोंधळ्याआड दिसेनासे झाले, तेव्हा बापूसाहेबांनी बाकावरचा हात उचलला आणि त्या बाईला म्हणाले, "बस, माय."